तर्रीत मीठ कमी आहे

तुझं आवडतं हाटेल कोणतं, हा प्रश्न आपल्या वस्तीत अजून नवा आहे. माझ्या आबाजीला कुणी असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. त्याच्या हिशेबी हाटेलं दोनच जातीची. एक, जिथं चाय देतात. दुसरं, जिथं देत नाहीत. देत तिथंही कशी देत, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर छपराच्या वळचणीला खोचलेली कानतुटकी कपबशी. आपणच काढायची, आपणच धरायची, वरून ओतलेली चाय प्यायची, आपणच विसळायची, आपणच परत खोचायची. पैसे मात्र आत बसणाऱ्याएवढेच. आबाजीनं हे मला शंभरदा सांगितलं. पण ती चाय गोड होती की फिक्की, हे एकदाही सांगितलं नाही.

बापाच्या पिढीला आत जायला कुणी उघड अडवलं नाही. आणि आता मी. विशीतला माणूस, शाळा नववीत सुटली, पुढचं जे शिकलो ते रद्दीतून आणि जयंतीला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानातून. बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये ठेकेदाराकडं पाळ्या भरतो, सुट्टी मिळाली की एस.टी.नं घरी मुलचेऱ्याला येतो. कोठारी, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी. एवढ्या वाटेत किती हाटेलं, किती टपऱ्या. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावायला लागल्यापासून तर ढाबेही वाढले. त्यातली काही ठिकाणं मला आवडतात, काही बिलकुल आवडत नाहीत. पाळीत हात चालत असतात आणि डोक्यात हेच चालतं, की ही माझी आवड जिभेची आहे का पाठीच्या कण्याची? मी चवीवरून हाटेल निवडतो, की जिथं मान ताठ ठेवता येते तिथं जेवतो आणि मग जिभेला समजावतो की हेच चांगलं आहे?

तुम्ही म्हणाल, पोटाची गोष्ट आहे, तत्त्वज्ञान कशाला. पण दोस्तहो, आपल्या बाबतीत पोटाची गोष्ट नुसती पोटाची कधी होती?

हाटेल ही विचित्र जागा आहे. देऊळ नाही, घर नाही, विहीर नाही. देवळात देव बाटतो, घरात सोवळं बाटतं, विहिरीत पाणी बाटतं. हाटेल मात्र पैशासाठी उघडलेलं दार. म्हणून वाटतं, गावात आपल्याला पहिल्यांदा माणसासारखं बसायला मिळायला पाहिजे होतं ते तिथंच. पैसा जात विचारत नाही म्हणतात. खरं आहे, पैसा विचारत नाही. पैसा घेणारा विचारतो.

बाबासाहेबांना हे पुरतं माहीत होतं. भारताच्या घटनेत हाटेल हा शब्द आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हाटेलं, करमणुकीच्या जागा, आणि लगेच त्याखाली विहिरी, तळी, घाट, रस्ते. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात चायच्या दुकानाची सोय लिहून ठेवावी लागली. 29 नोव्हेंबर 1948 ला हे कलम घटना समितीपुढं होतं तेव्हा दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचं उत्तर मला फार मोठं वाटतं. ते म्हणाले त्याचा भाव असा, की हा शब्द नुसत्या आत शिरण्यापुरता नाही. जो कुणी लोकांपुढं आपली सेवा मांडतो त्याच्याकडून ती सेवा ठरल्या अटीवर मागता आली पाहिजे. त्याच दिवशी अस्पृश्यता संपवणारं कलमही मंजूर झालं. मग 1955 चा कायदा आला, 1976 ला त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्यात हाटेलातली भांडीसुद्धा आहेत. सगळ्यांसाठी ठेवलेलं भांडं अस्पृश्य म्हणून वापरू दिलं नाही, तर एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे रुपये! आज त्यात चार माणसांचं मटण होत नाही.

तर कायदा दारातून आत आला, बाकड्यापर्यंत आला, कपापर्यंत आला. त्याच्या पुढं कायद्याला जाता येत नाही. पुढं ओठ आहेत.

ओठांची गोष्ट गिरणीतल्या माणसाला समजवावी लागत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? मजुरी जास्त होती ती त्याच खात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा युनियनवाल्यांपुढं ठेवला. खांद्यावर लाल बावटा आणि तोंडात धोटा वेगळा. वर्ग एक, ओठ दोन. आमच्या कागदाच्या मिलमध्ये तोंड लावायचं काम नाही. बांबू आणि लाकूड चिपरमध्ये जातं, त्याचा लगदा होतो, त्यात सगळी झाडं एक होतात. डब्याच्या वेळी मात्र डबे एक होत नाहीत. पण तो वेगळा विषय.

मी कागदवाला, म्हणून कागदी कपाबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे. आम्ही करतो तो लिहायछापायचा कागद. कपाचा कागद जाड असतो, आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला, नाहीतर चाय झिरपेल. हा कप आला आणि वळचणीची कपबशी गेली. आता सगळ्यांनाच फेकायचा कप. 2020 च्या करोनानंतर तर पुष्कळ टपऱ्यांवरून काचेचे गिलास उठलेच. लोक म्हणतात, पाहा, दोन कपांची पद्धत संपली. संपली का? या प्रश्नावर मी एक अख्खी रातपाळी घालवली आहे. मालकाचं मन बदललं म्हणून कप एक झाला नाही. कप चुरगाळून फेकता येतो, म्हणून मन बदलायची गरजच उरली नाही. उष्टं होतं तसंच उष्टं राहिलं, फक्त ते कचऱ्याच्या डब्यात गेलं.

तरी मी कागदी कपाच्या बाजूनं आहे. मन बदलायची वाट आबाजीनं आयुष्यभर पाहिली. कप स्वस्त पडला.

पण आवड विचाराल तर ती वेगळी. मिलच्या फाटकासमोर एक टपरी आहे, तिथं अजून काचेचे गिलास आहेत. माझ्या आधी त्या गिलासात कोण प्यालं आणि माझ्यानंतर कोण पिणार, हे सगळ्यांना समोर दिसतं, आणि कुणी काही म्हणत नाही. चाय ठीकठाक. अद्रक नावाला. गिलास सगळे एकाच बादलीत बुडतात. हे तब्येतीला चांगलं नाही एवढं मला कळतं. पण आवडीचं आणि तब्येतीचं कधी पटलं आहे?

नागपूरला गेलो की दोस्त काचेच्या हाटेलात नेतात. मॅकडोनाल्ड, डॉमिनोज, त्या जातीची. जगभर तीच पाटी आणि जवळपास तीच चव. आपणच रांगेत उभं राहायचं, आपणच ताट उचलून न्यायचं, खाऊन झालं की उष्टा कागद आपणच डब्यात टाकायचा. याला सेल्फ सर्व्हिस म्हणतात. मला पहिल्यांदा हसूच आलं. आबाजी, तू हेच तर करत होता! तुझी सेल्फ सर्व्हिस या लोकांच्या कितीतरी आधीची. मग तुझी मान खाली का, आणि या जीनवाल्या पोट्ट्यांची वर का?

मी यावर विचार केला तो असा. काम तेच आहे. आपलं उष्टं आपण उचलण्यात अपमान कसला? अपमान कामात नव्हताच. एकालाच उचलायला लावलं म्हणून तो झाला. उद्या सगळ्या गावानं आपापली कपबशी विसळली असती तर आबाजीनंही खुशीनं विसळली असती, वर दुसऱ्याचीही विसळून ठेवली असती. समता म्हणजे कुणी आपल्याला बसून वाढावं असं नव्हे. जो नियम तुला तोच मला. एवढ्यापुरतं काचेचं हाटेल आपल्या गावापेक्षा पुढं आहे, आणि हे मी किंमत पाहून घाम फुटत असतानाही कबूल करतो.

तरी ते माझं आवडतं होत नाही. किंमत हे एक कारण झालं. दुसरं असं, की तिथं मीठ कमी आहे हे कुणाला सांगता येत नाही. समोरचा टोपीवाला पोऱ्या मीठ टाकत नाही. मीठ दुसरीकडंच कुठं मोजून पडलेलं असतं. त्याला म्हटलं तर तो मिठाची पुडी देतो. पुडी म्हणजे उत्तर नव्हे. तोही माझ्यासारखाच पाळीवाला, त्याच्याशी काय भांडायचं? त्याच नागपुरात सदरला इंडियन कॉफी हाऊस आहे. म्हटलं तर तीही साखळीच, देशभर शाखा. पण कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला काढली, तेव्हा 1957 पासून ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. तिथला फेट्यावर तुरा लावलेला वेटर समोर कप ठेवतो तेव्हा वाटतं, हा माणूस माझी चाकरी करत नाही, आपलं दुकान चालवतो. कॉफी मला फारशी कळत नाही. कडू लागते. तरी तिथं बसलो की बरं वाटतं.

आता नावडत्याकडं येतो. गावाचं नाव लिहीत नाही, हाटेलाचंही नाही. रस्त्यावरचं एक भोजनालय. स्वच्छ, फरशी पुसलेली, भिंतीवर देव. मी आणि मिलमधला एक सोबती जेवायला बसलो. ताटं आली. मालक गल्ल्यावरून सहज म्हणाला, "कोणत्या गावचे जी तुम्ही?" सांगितलं. "आडनाव का तुमचं?" सांगितलं. झालं काहीच नाही. कुणी ताट ओढून घेतलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त वाढपी पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही. शेजारच्या टेबलावर वरण दोनदा आलं, भात तीनदा आला, पापड आला. आम्ही रिकाम्या वाट्या समोर घेऊन बसलो. पैसे पूर्ण दिले.

आता सांगा, दुसऱ्यांदा वरण विचारलं नाही, हा गुन्हा कोणत्या कलमात बसवायचा? साक्षीदार कोण, वाटी? मला तेव्हा 1948 चं ते उत्तर आठवलं. आत शिरणं नव्हे, सेवा. शिरायला मिळालं होतं. सेवा अर्ध्यात तुटली होती, आणि ती अशी तुटते की तुटल्याचा आवाज येत नाही.

आणि साला, खरी गंमत पुढं आहे. त्या भोजनालयातलं वरण या सगळ्या रस्त्यावरचं सगळ्यात चांगलं वरण आहे. तुरीचं दाट, लसणाची फोडणी, वर तुपाचा थेंब. आजही बस तिथून जाते तेव्हा तोंडाला पाणी सुटतं. जीभ म्हणते उतर. कणा म्हणतो बस गपचूप. म्हणजे माझी जीभ आणि माझा कणा हे दोन वेगळे आहेत, एवढं तरी मला त्या हाटेलानं सिद्ध करून दिलं. मी कण्याच्या आवडीला जिभेची आवड समजत नाही. पण दरवेळी कणाच जिंकतो आणि जीभ उपाशी राहते, ही माझ्या जिभेची काय चूक? ज्यांना आडनाव विचारून वरण थांबत नाही त्यांच्या जिभेला असला मालक नसतो. ते सरळ म्हणतात, वरण छान आहे, जाऊ. ही केवढी श्रीमंती आहे हे त्यांना कधी कळायचं नाही.

हल्ली आडनाव विचारायचीही गरज नाही. पाटीवर शुद्ध शाकाहारी लिहिलं की झालं. शाकाहारी असायला माझी ना नाही, ज्याचं त्याचं पोट. पण शाकाहाराला शुद्ध म्हटलं की उरलेलं काय झालं? मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं जाहीर केलं, की शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळी पोरं, वेगळे डबे, हिरवा शर्ट. दुसऱ्याच दिवशी हिरवा शर्ट मागं घ्यावा लागला, कारण लोक म्हणाले, वस्तीत पोरं शर्टावरून ओळखली जातील. मी ते वाचलं आणि मला वळचणीची कपबशी मोटारसायकलवर बसून चाललेली दिसली.

असो. एक हाटेल मात्र मला निव्वळ आवडत नाही. बसस्टँडजवळचं. तिथं कुणी काही विचारत नाही, मालक बोलायला मोकळा, बसायला ऐसपैस. पण आलूबोंड्यावर तर्री घालतो ती म्हणजे लाल पाणी. चणा कच्चा, मीठ गायब. एकदा मी म्हटलं, "भाऊ, तर्रीत मीठ कमी आहे." त्यानं पळीतली तर्री तळहातावर घेतली, चाटून पाहिली, आणि म्हणाला, "हो ना बे, कमीच हाये." बास. त्यानं मीठ टाकलं, घाटलं, पुन्हा वाढली. तरी वाईटच होती. पण त्या दिवशी मी दिवसभर उगाच खुश होतो. सोबती म्हणाला, "का झालं रे, लॉटरी लागली का?" त्याला काय सांगू? माझ्या घराण्यात एखादं हाटेल केवळ बेचव म्हणून नावडणारा पहिला माणूस मी असेन. माझ्या तोंडाची साक्ष एका हाटेलवाल्यानं आपल्या तोंडानं तपासून खरी धरली. हे हाटेल माझ्या यादीत तळाला आहे आणि तिथंच राहणार.

यावरून मला वाटू लागलं, की आवडीचा हक्क हा खरं म्हणजे तक्रारीचा हक्क आहे. जिथं तक्रार करता येत नाही तिथं तारीफही खोटी. दरवर्षी ऑक्टोबरात आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी तिथं दीक्षा दिली. आबाजी तेव्हा पोरगेला होता, भाकरी बांधून गेला होता. आज तिथं जागोजागी भोजनदान असतं. मसालेभात, बुंदी, पाणी. हजारो माणसं पंगतीत. तेच माझं सगळ्यात आवडतं हाटेल, असं म्हणायचा मोह होतो. पण ते हाटेल नव्हे. तिथं पैसे नाहीत, म्हणून मीठ कमी आहे म्हणता येत नाही. दानाला नमस्कार करायचा असतो, त्याची चव सांगायची नसते. मला पंगत पाहिजे आणि बिलही पाहिजे. बिल दिलं की मी कुणाचा ऋणी नाही. मग मी खरं बोलू शकतो.

पण हे सगळं आपल्याच माणसाच्या टपरीवर अडखळतं. आमच्याकडं एका भावानं टपरी टाकली, वर निळी पाटी, आत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. चाय पाणचट. भजे तेलकट. तिथं प्यायचं की नाही? तुम्हाला कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांची गोष्ट माहीत असेल. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना हाटेल काढायला लावलं, आणि मग महाराज स्वतः लवाजम्यासकट तिथं थांबून चाय प्यायचे, सोबतच्या उच्च जातीच्या लोकांनाही पाजायचे. 1922 ला महाराज गेले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी ती अनेक ठिकाणी वाचली. चाय कशी होती, हे मला एकाही ठिकाणी सापडलं नाही. राजा पीत होता तो चाय पीत नव्हता, तो एक कायदा करत होता. ते बरोबरच होतं. पण गंगारामांना कधी वाटलं नसेल का, की कुणीतरी यावं आणि नुसतं चायसाठी यावं?

मी आमच्या भावाला एकदा असंच विचारलं. तो म्हणाला, "जयभीम म्हणून पिऊ नको. जयभीम फुकटात घे. चाय बेक्कार असन तर तोंडावर सांग." मी सांगितलं. आता पत्ती बदलली आहे. थोडी सुधारली. थोडीच.

त्याच्याकडंही आलूबोंडा, समोसा, पोहे, म्हणजे सगळीकडं मिळतं तेच. आपल्या घरचं काही नाही. नागपूरचं सावजी म्हणजे मूळ विणकरांचं, हलबा कोष्ट्यांचं रांधणं. ते पाटीवर आलं, शहराची चव झालं, आता परगावचे लोक डोळ्यांतून पाणी काढत खातात आणि कौतुक करतात. एका जातीची चूल अशी सगळ्यांची होऊ शकते. मग आपली का नाही? आपल्या आज्यांनी दोरीवर वाळवलेल्या मांसाची चव कुठल्या थाळीत आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक 2015 ला काढलं, त्यात हे सगळं रांधणं लिहून ठेवलं. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. भावाला म्हटलं, आपलं काही ठेव ना. तो म्हणाला, ठेवलं तर खाईल कोण, आणि खाणारे आले तर त्यांच्या मागं कोण येईल?

तर अखेर माझं आवडतं हाटेल एका बंगाल्याचं आहे. मुलचेऱ्याच्या बाजारात. टिनाचं छप्पर, चार बाकडी, चुलीवर मोठी कढई. आमच्या तालुक्यात बंगाली गावं पुष्कळ. सुंदरनगर, विवेकानंदपूर वगैरे. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली माणसं, सरकारनं या जंगलात आणून वसवली. त्यांनी भात पिकवला, तळ्यांत मासळी सोडली. या हाटेलात रोहूचा रस्सा आणि भात मिळतो, सकाळी घुगनी, दुपारी रसगुल्ला. समोशाला ते शिंगाडा म्हणतात. आपल्या तळ्यातल्या शिंगाड्याशी त्याचं नातं तीन कोपऱ्यांपुरतं. मासळी मोहरीच्या तेलात असते. तो वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा मला उठून जावंसं वाटलं होतं. आता बल्लारपूरला रातपाळीत तोच वास आठवतो. इथं माझी जीभ आणि माझा कणा एका बाकड्यावर बसतात.

या लोकांत नमशूद्र पुष्कळ. पूर्वी त्यांना चांडाळ म्हणत. त्यांनी चळवळ केली आणि 1911 च्या जनगणनेत नमशूद्र हे नाव लावून घेतलं. बंगालात ही जात अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे नदी-नाले ओलांडून आलेल्या माणसाची जात त्याच्यासोबत आली, सवलत मागं राहिली. आणि 1946 ला बाबासाहेब घटना समितीत पहिल्यांदा गेले ते कुठून? बंगालातून. जोगेंद्रनाथ मंडलांनी धडपड करून त्यांना निवडून आणलं. फाळणीनं ती जागा गेली, मग 1947 ला ते मुंबईकडून पुन्हा आले. घटनेत हाटेल हा शब्द आला त्यामागं नमशूद्रांची मतं आहेत, असं मी एकदा हाटेलवाल्या दादाला म्हटलं. मंडलांचं नाव त्यानं बापाकडून ऐकलं होतं. पुढची अर्धी गोष्ट माझ्याकडं होती. दोघांनी जोडून पाहिली. त्या दिवशी त्यानं माझ्या ताटात मासळीचं डोकं वाढलं, त्यांच्याकडं तो मान असतो, आणि बिलात लावलं. ते मला फार आवडलं.

इथं लेख संपायला हरकत नव्हती. पण बाजाराच्या दिवशी आतल्या गावांतून गोंड-माडिया माणसं येतात. ते या हाटेलात येतात आणि पायरीवर बसतात. आत बाकडं रिकामं असलं तरी. गिलास तोच, पैसे तेवढेच. दादा म्हणतो, "आत या ना." ते हसतात आणि तिथंच पितात. कुणी अडवलेलं नाही. चंद्रपूरचा किल्ला, बल्लारपूरचा किल्ला ज्यांच्या राजांचे, ज्या जंगलाच्या बांबूवर माझी पाळी चालली, त्यांची माणसं पायरीवर, आणि मी आत, पंख्याखाली, मासळी खातो. यात दादाची चूक काय? माझी काय? गुन्हा कुठंच नाही. नुसती एक पायरी आहे. पण ज्या हाटेलात मला मोकळं वाटतं आणि दुसऱ्याला वाटत नाही, त्याला आवडतं म्हणायचा मला किती हक्क आहे? भोजनालयात माझी वाटी रिकामी होती तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूसही असाच निवांत जेवत होता. त्याचंही ते आवडतं हाटेल असेल. वरण तर चांगलंच होतं.

एकदा मी उठून त्यांच्यातल्या एकाला विचारलं, काका, आत का नाही बसत? तो म्हणाला, "इथून सायकल दिसते."

सायकल खरंच तिथून दिसत होती. हँडलला बाजाराची थैली अडकवलेली, कुलूप नव्हतं. माणूस खोटं बोलत नव्हता. मी परत येऊन बसलो. माझा बापही असाच हाटेलाबाहेर उभा राहून चाय प्यायचा, अडवणारं कुणी नसताना. लहानपणी मी विचारलं की म्हणायचा, बाहीर हवा लागते. आणि बाहेर हवा असायचीच.

आता दर बाजाराला मी मासळी-भात खातो आणि नजर पायरीकडं जाते. दादा विचारतो, मीठ बरोबर आहे ना? मीठ बरोबर असतं.